प्रश्नचिन्हांचा गठ्ठा

ई-मेल छापून घेणारी माणसं आता दुर्मिळच झाली आहेत. आमचे बाबा त्यांतले. दादाचं न्यू जर्सीहून पत्र आलं की ते छापायचं, दोन भोकं पाडायची, फायलीत टॅग ओवायचा आणि दुसरी प्रत पाकिटात घालून कऱ्हाडला आजीकडे पाठवायची. म्हणजे अमेरिका ते पुणे पाच मिनिटं आणि पुणे ते कऱ्हाड तीन दिवस! १९९९ ते २००६ या काळातले असे तीनशे चाळीस कागद माझ्याकडे आहेत. गेल्या वर्षी ते नीट लावायला घेतले आणि लक्षात आलं, की कौटुंबिक पत्रं आहेत हे खरं, पण त्या कागदांवर ई-मेल छापण्याच्या सगळ्या दुखण्यांचा इतिहासच उमटलेला आहे. कुठे उजवी बाजू कापलेली, कुठे ओळी दाते पडलेल्या कंगव्यासारख्या, कुठे नुसती प्रश्नचिन्हं. प्रत्येक दुखण्याला कारण आहे आणि बहुतेक कारणं आपल्या घरातला संगणक यायच्या खूप आधीची आहेत. म्हणून म्हटलं, लिहून ठेवावं.

सुरुवात कंगव्यापासून करू. जुन्या छापील मेलमध्ये तुम्हीही पाहिलं असेल: एक लांब ओळ, खाली दोनच शब्दांची ओळ, पुन्हा लांब, पुन्हा दोन शब्द. रे टॉमलिन्सनने १९७१ साली एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर पहिली मेल पाठवली आणि नाव आणि यंत्र यांच्यामध्ये ते 'अ‍ॅट'चं चिन्ह टाकलं, तेव्हा समोर होते अक्षरं छापणारे टेलिटाइप. पुढे जे पडदे आले ते ऐंशी अक्षरं रुंद. ऐंशीच का? कारण आयबीएमचं १९२८ सालचं छिद्रांचं कार्ड ऐंशी रकान्यांचं होतं. त्यामुळे मेल लिहिणारे कार्यक्रम ओळ बहात्तर-शहात्तर अक्षरांवर तोडू लागले, आणि तोडायचे म्हणजे खरोखर तिथे 'एंटर' मारून ठेवायचे. उत्तर देताना प्रत्येक जुन्या ओळीच्या आधी कोनाचं चिन्ह लागतं. दोन-तीन उत्तरं झाली की ओळ मर्यादेच्या बाहेर जाते, पुन्हा तुटते आणि शेपटीचे दोन शब्द खालच्या ओळीवर पडतात. झाला कंगवा तयार. आपण मात्र प्रिंटरला शिव्या घालत बसायचो. त्या बिचाऱ्याला जे दिलं ते त्याने छापलं.

यावर उपाय निघाला तो १९९९ साली. ओळीच्या शेवटी एक रिकामी जागा असेल तर 'ही ओळ खरी तुटलेली नाही, पुढची हिला जोड' असं समजायचं, असा संकेत ठरला. किती साधी युक्ती! पण ती सगळ्या कार्यक्रमांनी पाळली नाही, आणि आमच्या फायलीत २००५ पर्यंत कंगवे आहेत.

तशीच एक गंमत इंग्रजी पत्रांत सापडते. 'फ्रॉम' या शब्दाने ओळ सुरू होत असेल तर त्याच्या आधी उगाचच एक कोनाचं चिन्ह. छपाईची चूक वाटते, पण नाही. युनिक्समध्ये सगळी पत्रं एकाच लांबलचक फायलीत एकाखाली एक ठेवत आणि नवं पत्र कुठे सुरू होतं हे ओळखायची खूण म्हणजे ओळीच्या आरंभी 'फ्रॉम'. मग पत्राच्या मजकुरातच तो शब्द आला तर घोटाळा नको म्हणून त्याला टोपी घालून ठेवायचे. ती टोपी काढायला पुढे कोणी विसरलं की ती छापून येते. थंडरबर्डची १.० आवृत्ती डिसेंबर २००४ मध्ये आली, तिनेही पत्रं अशाच साध्या मजकुराच्या फायलीत ठेवली. हे मला आज फार महत्त्वाचं वाटतं. का, ते पुढे येईलच.

आता आपल्याकडे. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं. त्यातलं स्वस्तातलं खातं म्हणजे 'शेल'. चित्रं नाहीत, माऊस नाही, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आणि मेलसाठी 'पाइन' नावाचा कार्यक्रम. हे पाइन वॉशिंग्टन विद्यापीठातलं, १९८९ पासूनचं. यात एक अडचण अशी, की पत्र असायचं दूरच्या यंत्रावर आणि प्रिंटर आपल्या घरी. मग छापायचं कसं? तर पाइन आपल्याकडे 'एस्केप' आणि त्यामागे एक चौकोनी कंस, ५ आणि 'आय' अशी अक्षरं धाडायचं. ती घरच्या टर्मिनलला सांगत, की आतापासून जे येईल ते पडद्यावर नको, प्रिंटरकडे पाठव. पत्र संपलं की तसंच, पण ५ च्या जागी ४. म्हणजे थांब.

आता विचार करा, मधे टेलिफोनची तार आहे. पावसाळा आहे. त्या खरखरीत '४' वाली खूण हरवली तर? प्रिंटर थांबतच नाही! पुढचं सगळं, मेनूसुद्धा, कागदावर येत राहतं. आमच्या फायलीत अशी दोन पानं आहेत, पत्र संपल्यावर पाइनचा अख्खा मेनू. ती मी फेकणार नाहीये. :)

त्यानंतरचा काळ युडोराचा. हा कार्यक्रम स्टीव्ह डॉर्नरने १९८८ साली इलिनॉय विद्यापीठात लिहिला. युडोरा वेल्टी या अमेरिकन लेखिकेची एक गोष्ट आहे, टपाल कचेरीत राहायला गेलेल्या बाईची. मेलच्या कामात बुडालेल्या डॉर्नरला ती आठवली आणि त्याने कार्यक्रमाला लेखिकेचं नाव दिलं. सॉफ्टवेअरला कथालेखिकेचं नाव, मला तर हे फारच आवडलं. पुढे तो क्वालकॉमकडे गेला, लाखो लोकांनी वापरला, २००६ साली क्वालकॉमची शेवटची आवृत्ती निघाली आणि २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संगणक इतिहास संग्रहालयाने त्याचा मूळ कोड लोकांसाठी खुला केला. युडोराची छपाई साधी आणि नेटकी. पण एका बाबतीत तो शेवटपर्यंत कच्चा राहिला: युनिकोड. आणि आपल्यासारख्यांचं नेमकं तिथेच अडतं.

पण भारतातल्या बहुतेक घरांत पोचला तो आउटलुक एक्सप्रेस, कारण तो विंडोजबरोबर फुकटच यायचा. १९९७ साली इंटरनेट एक्सप्लोरर ४ बरोबर तो या नावाने आला. तो आणि ऑफिसमधला आउटलुक हे दोन वेगळे कार्यक्रम आहेत, हे मी आयुष्यात किती काकांना समजावून सांगितलं असेल! छापील पानाच्या डोक्यावर ठळक अक्षरांत 'मेन आयडेंटिटी' असं यायचं, आठवतंय? अनेकांना वाटे हा काही व्हायरस आहे. ते फक्त खात्याला विंडोजने दिलेलं नाव. मेनूत जाऊन ते बदललं, स्वतःचं नाव घातलं, की डोक्यावर आपलं नाव. पण ते सांगणार कोण?

दुसरं म्हणजे आउटलुक एक्सप्रेसला स्वतःचं छपाईचं डोकं नव्हतं. रंगीबेरंगी पत्र पडद्यावर मांडायचं आणि कागदावर उतरवायचं काम इंटरनेट एक्सप्लोररच करी. त्यामुळे समास बदलायचे तर मेलमध्ये नाही, ब्राउझरात जायचं. हे कोणाला सुचणार?

आणि कागद. विंडोज बसवताना 'इंग्लिश (युनायटेड स्टेट्स)' तसंच राहू दिलं की संगणक समजतो, घरात 'लेटर' कागद आहे. लेटर म्हणजे साडेआठ बाय अकरा इंच, म्हणजे २१६ बाय २७९ मिलिमीटर. आपल्याकडचा ए-४ हा २१० बाय २९७. हे माप १९२२ च्या जर्मन मानकातून आलं आणि १९७५ मध्ये आंतरराष्ट्रीय झालं. अमेरिकेने ते घेतलं नाही. रुंदीतल्या त्या सहा मिलिमीटरांच्या फरकापायी उजवीकडची अक्षरं कडेला जाऊन भिडतात, नाहीतर प्रिंटर दिवा लुकलुकवत लेटर कागदाची वाट बघत बसतो. बाबा म्हणायचे, 'दादा तिकडे गेला तेव्हापासून त्याची पत्रंही जरा रुंद झाली आहेत.'

असो. आता मूळ दुखणं. मराठी.

दादा आधी रोमन लिपीतच मराठी लिहायचा. सगळेच लिहायचे. आजीला ते वाचता येत नसे, बाबा वर पेनाने देवनागरी लिहून मग पाकिटात घालत. ई-मेलचा पाया होता सात बिटांचा, म्हणजे एकशे अठ्ठावीस खुणा, त्यात फक्त इंग्रजी. १९९२ साली 'माइम' नावाचा नियम आला. त्यात पत्राच्या वर एक चिठ्ठी लावायची सोय झाली: आतली अक्षरं अमुक संचातली आहेत. देवनागरीसाठी भारतीय मानक 'इस्की' १९९१ चं, आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तिच्यातही देवनागरी होती. म्हणजे कागदावर सगळं तयार होतं. प्रत्यक्षात मात्र आपण दहा वर्षं शिवाजी, किरण वगैरे फॉन्ट वापरत होतो. त्यांची युक्ती म्हणजे इंग्रजी अक्षराच्या घरात मराठी अक्षराचं चित्र बसवणं. फॉन्ट असेल तर मराठी, नसेल तर बाराखडीची भेळ. या काळातली छापील पत्रं उत्तम आहेत, कारण छापली तेव्हा फॉन्ट घरात होता. फायली मात्र आज उघडल्या तर भेळ. कागद जिंकला.

विंडोज २००० मध्ये मंगल फॉन्ट आणि युनिकोड देवनागरी आली. २००१ च्या एक्सपीतही होती, पण कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एका चौकोनात खूण करायची आणि विंडोजची सीडी घालायची. सीडी कोणाकडे असायची हो? २००२ च्या दिवाळीला दादाने पहिलं युनिकोड पत्र पाठवलं, आणि तिथून कागद हरायला लागला.

घोटाळे तीन प्रकारचे. पहिला, चौकोन. अक्षर बरोबर पोचलं आहे पण ते काढायला फॉन्ट नाही. कधीकधी पडद्यावर मराठी आणि कागदावर चौकोन, असंही व्हायचं, कारण प्रिंटर स्वतःच्या पोटातला फॉन्ट वापरायला बघायचा. ड्रायव्हरमध्ये 'फॉन्ट चित्र म्हणून छाप' असा पर्याय असे, तो निवडला की काम होई. हा किरकोळ आजार.

दुसरा प्रकार खिचडीचा. पत्र युनिकोडमध्ये आहे, पण वरची चिठ्ठी हरवली किंवा चुकीची. मग वाचणारा कार्यक्रम ते पश्चिम युरोपचं समजतो. युटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइटांचं, त्यामुळे एका अक्षराच्या जागी तीन खुणा उमटतात. पडद्यावर असताना 'एन्कोडिंग' बदललं की पत्र लगेच वाचता येई. छापलेल्या कागदावर कुठला आलाय मेनू?

अशी एकसष्ट पानं फायलीत होती. मूळ मेल केव्हाच गेल्या, दोन संगणकांपूर्वी. भाचा सुट्टीत आला होता, तो म्हणाला, 'आत्या, हे वाचता येईल. हा काही कचरा नाही, ही फक्त दुसरी लिपी आहे.' आणि खरंच. पहिली खूण कायम तीच: डोक्यावर तिरकी रेघ असलेला छोटा इंग्रजी 'ए'. दुसरी बहुतेक वेळा चार कोपऱ्यांना मिशा असलेलं गोल, नाहीतर जपानी येनचं चिन्ह. व्यंजनं, स्वर, काना आणि वेलांट्यांतली पहिली मिशीवाल्याकडे, दीर्घ वेलांटीपासून पुढची चिन्हं येनकडे. तिसरी खूण म्हणजे खरं अक्षर. म ला ट्रेडमार्कवाला गोलातला 'आर', र ला अंशाचं चिन्ह, काना म्हणजे पाऊण, दीर्घ वेलांटी म्हणजे युरो. 'आई' लिहिली की एक खंजीर आणि एक टोपी. आणि दादाचं प्रत्येक पत्र 'ती. आजीस शि. सा. न. वि. वि.' असंच सुरू व्हायचं, त्यामुळे पहिली ओळ आम्हाला पाठच होती. इजिप्तची लिपी उलगडायला शाँपोलियाँला राजांची नावं कामाला आली, आम्हाला शिरसाष्टांग नमस्कार!

पण एक पाचर होती. त्या पश्चिम युरोपीय संचातली पाच घरं रिकामी आहेत. नेमके ऱ्हस्व उकार आणि हलन्त हे दोघंही अशा रिकाम्या घरात पडतात. कागदावर दोघांची खूण एकच: 'ए', येन आणि मग काहीच नाही. म्हणजे 'पुरत' आणि 'प्रत' छापल्यावर तंतोतंत सारखे दिसतात. ए आणि झ सुद्धा असेच अदृश्य. 'माझ्या'मधला झ गायब, हलन्त गायब. 'दुसऱ्या', 'खऱ्या' मधला तो नाजूक र काढायला तेव्हा मधे एक न दिसणारं जोडचिन्ह घालत, त्याच्या जागी टोपी घातलेला 'ए' आणि युरो. ही एकदा ओळखली की उलट मदतच झाली, कारण ती सापडली की मागचं रिकामं घर हलन्ताचं हे नक्की.

यंत्राने एवढं सोडवलं, पण 'पुरत' की 'प्रत' हे शेवटी माणसानेच ठरवायचं. 'थंडीत एक रजई ... नाही', तर पुरत. 'तुझ्या पत्राची ... काढून ठेवली', तर प्रत. तीन रविवार आम्ही दोघं व्हिडिओवर बसलो होतो, तो तिकडे, मी इकडे. भाच्याचं मराठी बोलण्यापुरतं बरं, पण वाचायला तो या निमित्ताने शिकला. एकसष्टपैकी अठ्ठावन्न पानं लागली. उरलेल्या तिनांवर ओल आली आहे, इंकजेटची शाई पाण्याला टिकत नाही.

तिसरा प्रकार प्रश्नचिन्हांचा. तो सगळ्यात वाईट. वाटेत कुठल्यातरी कार्यक्रमाला मराठी अक्षर आपल्या जुन्या संचात बसवता आलं नाही, की तो त्या जागी प्रश्नचिन्ह लिहितो. दाखवत नाही, लिहितो. खालचं अक्षर गेलेलं असतं. खिचडीत सगळं जसंच्या तसं असतं, फक्त वेशांतर केलेलं. प्रश्नचिन्हात काहीच नसतं. म च्या जागीही तेच आणि र च्या जागीही तेच.

अशी तेवीस पानं आहेत, सगळी ऑगस्ट ते डिसेंबर २००४ ची. दादाने नोकरी बदलली होती आणि त्या नव्या कचेरीतून तो पत्रं पाठवायचा. तिथल्या यंत्रणेला मराठी झेपत नसावी. बाबांनी ती तशीच छापली, कारण पडद्यावरही तेच होतं, आणि फायलीत लावली. एका पानावर त्यांनी पेन्सिलीने लिहिलंय, 'पुन्हा पाठवायला सांगणे.' दादा पुढे रोमनमध्ये लिहू लागला. ही पत्रं काही त्याने पुन्हा पाठवली नाहीत.

प्रश्नचिन्हांतून इंग्रजी शब्द, आकडे आणि विरामचिन्हं तेवढी शाबूत राहतात. म्हणून एवढं दिसतं: एका पत्रात 'रिपोर्ट', दुसऱ्यात 'सेकंड ओपिनियन', मग एक तारीख, मग 'विमा' असावा अशा ठिकाणी डॉलरमधला आकडा. आणि एका पत्राच्या शेवटी तीन शब्द, सात, चार आणि दोन प्रश्नचिन्हांचे, पुढे उद्गारचिन्ह. दादाच्या आजाराचं आम्हाला कळलं ते २००९ मध्ये. २०११ मध्ये तो गेला. तोपर्यंत तो आम्हाला सांगत होता, की पहिल्यांदा त्रास झाला तो २००८ च्या उन्हाळ्यात. वहिनीलाही तेवढंच माहीत होतं. आजीला मात्र त्याने चार वर्षं आधी लिहिलं होतं, असं मला ते कागद बघून वाटतं. आजीच्या हातात पडली प्रश्नचिन्हं. तिने फोनवर विचारलं असेल तर तो काय म्हणाला असेल, हेही मी सांगू शकते: 'काही विशेष नाही गं.'

आता एकच शक्यता उरते. अक्षरं कुठे मेली यावर ती अवलंबून आहे. दादाच्या मेल कार्यक्रमानेच पाठवताना मारली असतील, तर त्याच्या पाठवलेल्या पत्रांच्या खणातही प्रश्नचिन्हंच असणार. पण कचेरीच्या सर्व्हरने वाटेत मारली असतील, तर त्याच्या लॅपटॉपवरची प्रत धडधाकट असेल. तो थंडरबर्ड वापरायचा, निघाल्या निघाल्या बसवून घेतला होता त्याने. म्हणजे पत्रं साध्या मजकुराच्या फायलीत आहेत, कुठल्याही संपादकात उघडतील, 'फ्रॉम'च्या टोप्यांसकट. वहिनीने तो लॅपटॉप टाकून दिलेला नाही, तळघरात आहे. चालू होत नाही, पण भाचा म्हणतो डिस्क काढून बघतो. त्यात फक्त डिसेंबरची पत्रं असतील, कारण थंडरबर्ड तेव्हाच आलं. आधीची चार महिन्यांची पत्रं कुठल्या कार्यक्रमात होती, ते कोणालाच आठवत नाही.

बेळगावच्या मामांना आणि इंदूरच्या आत्यांना दादा प्रत पाठवायचा. तुमच्यापैकी कोणाकडे जुना संगणक, सीडी, काहीही असेल तर कृपया फॉरमॅट मारू नका. मला फोन करा, मी माणूस पाठवते. आणि वाचताना खिचडी दिसली तर आनंदच माना.